मफलरवाले चाचा

ही गोष्ट खरी आहे. मी स्वतः तिथे होतो. जेवढं पाहिलं तेवढंच लिहितोय, पदरचं काही नाही.

मागच्या वर्षीचा मे महिना. अंबरनाथ पूर्वेला आमच्या सोसायटीचं पार्किंग. रात्र नव्हती. नुकतेच दिवे लागले होते, पोरं खाली क्रिकेट खेळत होती.

बाबा मार्चमध्ये गेले. भीमराव, माझे वडील. अंगाने भारी. भर उन्हाळ्यातही गळ्यात मफलर. मी कामावरून आलो की आमची गाडीतून एक चक्कर ठरलेली. ते पुढे डावीकडे बसले की गाडी त्या बाजूला दबायची आणि चाकापाशी आवाज यायचा.

कट...

त्या संध्याकाळी मी गाडी लावून बाहेर उभा होतो. आई शेजारी. आत कुणीच नव्हतं.

गाडी डावीकडे दबली...

कट.

आई दचकली नाही. "रोज येतात या वेळेला," ती म्हणाली. "कुणाला सांगू नको. आपण बौद्ध माणसं, आत्मा मानत नाही. तुझे बाबाच हसले असते मला."

त्याच आठवड्यात गाडीच्या कंपनीचा फोन आला. आमच्या मॉडेलच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये दोष निघाला होता. चाकाला धरून ठेवणारा लोअर आर्म तुटू शकतो. गाडी आणा, फुकट बदलून देतो.

"नको," आई म्हणाली. "आवाज गेला तर?"

"आणि चाक गेलं तर? राजसी बसते मागे." राजसी माझी मुलगी.

आईने गाडीची चावी माझ्या हातात ठेवली.

"ने मग."

उल्हासनगरच्या वर्कशॉपला मी एकटाच गेलो. दुपारी. लिफ्टपाशी गाडी लावली, उतरलो, चावी दिली. मेकॅनिक चंदर काचेतून आत बघत थांबला.

"साहेब, चाचांना उतरवा ना. माणूस आत असला की गाडी वर नाय घेत आपण."

"कोण चाचा?"

"मफलरवाले. एवढ्या गर्मीत... तबियत ठीक नाय काय?"

मी पाहिलं. सीट रिकामी होती.

डावं दार उघडलं.

"बाबा... उतरा."

कट.

गाडीची डावी बाजू वर आली.

"या चाचा, बाकड्यावर बसा. पंखा आहे तिकडे," चंदर रिकाम्या जागेकडे बघत म्हणाला.

मग त्याने गाडी उचलली, खालून बॅटरीचा उजेड मारला आणि बघतच राहिला. डावा आर्म तडकला नव्हता. पूर्ण तुटला होता.

"साहेब, हे चाक जागेवर राहिलं कसं?"

आदल्या रविवारी आम्ही बारवी धरणावर जाऊन आलो होतो. सगळा खड्ड्यांचा रस्ता. राजसी मागे झोपली होती.

नवा आर्म बसला. मी सही केली आणि निघालो. खड्ड्यातही आवाज नाही.

घरी पोचलो तेव्हा आई खाली पार्किंगमध्ये उभी होती. तिने डावं दार उघडलं. वाट पाहिली...

गाडी हलली नाही.

"त्यांना कुठे सोडून आलास?"

तेव्हा लक्षात आलं. उतरा म्हणालो होतो. परत बसा म्हणायचं राहिलं.

सकाळी वर्कशॉप उघडायच्या आधीच पोचलो. बाकडं रिकामं होतं. चंदर आला.

"चाचा? ते बसलेले ना शटर ओढेपर्यंत. मग गेले चालत."

"कुठे?"

"मी नाय विचारलं. मला वाटलं, तुम्ही येताय न्यायला."

अजूनही त्या रस्त्याने मी गाडी हळू चालवतो, डाव्या कडेने. उन्हात मफलर गुंडाळलेलं कुणी दिसलं की थांबतो. काच खाली करतो...

दरवेळी दुसराच कुणीतरी असतो.

आई आता काही विचारत नाही. गाडी आली की खाली येते आणि डावं दार उघडून उभी राहते.