गडहिंग्लजला न पोचलेला मांडव

रविवारी गडहिंग्लजच्या लग्नात नवरदेव घोड्यावरून उतरायलाच तयार होईना. वर मांडव नाही, खाली खुर्ची नाही. जागेवर होता तो फक्त घोडा.

मंगळवारी दुकान उघडताच मांडववाले विजयसिंह खाजगी गुप्तहेर संयोगिताबाईंना घेऊन आले. मागोमाग बाईंचे जोडीदार, निवृत्त हवालदार बाळासो. चोर कोण, हे त्यांनी चहाआधीच ठरवलं होतं.

"कामं वाटायचं नवं ॲप आठवडाभर वापरून बघतोय," विजयसिंह येरझारा घालत म्हणाले. "नवं घ्यायचं का जुनंच ठेवायचं, आज ठरवायचंय. आणि ह्या कामचुकार स्वप्नालीनं लग्नाचं काम रविवारवरनं सोमवारवर ढकललं! आजच काढतो हिला."

"मी न्हाय केलं, मालक." कामांच्या नोंदी ठेवणारी स्वप्नाली पुढं आली. तिच्या पगारावर घर चालत होतं.

"जुन्याच्या बाजूची हीच एकटी," बाळासो पुटपुटले. "सरळ हाय की."

दारात ट्रक धडधडत ठेवूनच ड्रायव्हर पिराजी मोठ्यानं सांगायला लागला. "रविवारी फोन गप्प. म्हटलं, देव पावला! गगनबावड्याला जाऊन भजी हाणली. सोमवारी दुकान बंद, अन् फोन बोंबलतोय, लग्नाचा मांडव न्या, बारशाच्या खुर्च्या न्या!"

"कुठलं बारसं?" बाईंनी विचारलं.

"तेबी रविवारचंच. त्येंनी सतरंजीवर भागवलं."

पुतण्या राजवीर नुकताच पुण्याहून आलेला. ॲप त्यानंच बसवलेलं. त्याचा पाय सारखा हलत होता. "ॲप हुशार आहे, काका. सुट्टीच्या दिवशी कुणाला त्रास देत नाही."

बाळासोंना राहवेना. "बाई, नेऊ का हिला चौकीत?"

"हिला नवं ॲप बदनाम करायचा डाव साधायचा असता, तर लग्न पुरे होतं. बारसं कशाला हलवेल? रविवारची सगळीच कामं हलली, बाळासो. आणि कुठं? सोमवारी! सोमवारी हे दुकान बंद, हे दारातल्या मांजरालाही ठाऊक. सोमवार निवडणारा इथं नवा आहे."

"नवा कोण?"

"ॲप. त्याला कुणीतरी रविवारची सुट्टी सांगितली. त्यानं कामं पुढच्या दिवशी ढकलली. सांगणारा पुण्याच्या सवयीचा. होय ना, राजवीर?"

पाय थांबला. "काल कळलं मला. पण तोवर काका हिच्यावर घसरले होते..."

"अन् तू गप बसलास?" विजयसिंह गरजले. "चालता हो!"

"थांबा, मालक," स्वप्नाली म्हणाली. "येत्या रविवारी दोन लग्नं हाईत, त्याला खुर्च्या उचलू द्या. ॲपबी घ्या, सुट्ट्या मी भरते. पण आधी, सगळ्यांपुढं मला कामचुकार म्हणालात, ते सगळ्यांपुढं मागं घ्या."

विजयसिंहांनी घसा खाकरला.

पिराजीनं पळत जाऊन ट्रक बंद केला.