नळीचं दुसरं टोक

"ओ पावणं, तिथं पाय देऊ नका. माती धरत न्हाय ती."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी राखेत बसले होते. पांढरी सलवार घालून जळक्या डोंगरावर येणारी मी एकटीच शहाणी! तो हसला मात्र नाही. पाणी भरलेली एक लांब पारदर्शक नळी त्यानं माझ्यापुढं केली.

"आलायसाच तर ह्येचं दुसरं टोक धरा."

मी निशिगंधा. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या ऑफिसात कामाला. मैत्रिणीनं श्रमदानाला चल म्हणून गळ घातली आणि ऐन वेळी स्वतःच टांग दिली. म्हणून राधानगरीजवळच्या त्या वाडीत मी एकटीच पोचले. मार्चच्या वणव्यात तिथला डोंगर जळला होता. गवत गेलं, करवंदीच्या जाळ्या गेल्या. आता पाऊस लागला की उघडी माती थेट खाली, वाडीतल्या तानाबाईंच्या भाताच्या खाचरात उतरणार होती. ती अडवायला उतारावर दगडांचे आडवे बांध घालायचे होते. बांध एका पातळीत हवा, म्हणून ही नळी. दोघांनी दोन टोकं धरायची, पाणी हलायचं थांबलं की खूण करायची.

"पाण्याकडं बघा," तो पलीकडून म्हणाला. "माझ्याकडं न्हाय."

"पाण्याकडंच बघतेय."

"मग पाणी का हलतंय?"

मी पुढच्या रविवारी पुन्हा गेले… आणि त्याच्या पुढच्याही.

त्याचं नाव कृष्णात. चार म्हशी, सकाळी डेअरीला दूध घालून थेट डोंगरावर. कुठल्या दगडाचं कुठलं तोंड आत जाईल, हे त्याला हातात घेताच कळायचं. बांधावर तो बिद्रीकडून आणलेलं उसाचं पाचट इतक्या मायेनं पसरायचा, की मी बघतच राहायचे. तानाबाई म्हणायच्या, "असा पोरगा पंचक्रोशीत न्हाय." तेव्हा तो मान खाली घालायचा. मला तो लाजतोय असं वाटायचं आणि आणखीच आवडायचा.

शेवटच्या रविवारी वाडीनं त्याला फेटा बांधायचं ठरवलं होतं. त्याआधी एकच बांध उरला होता. आम्ही नळी धरून उभे होतो.

"निशिगंधा," त्यानं पहिल्यांदाच नावानं हाक मारली. "डोंगर मी पेटिवला."

"काय?"

"जुनं गवत जाळलं की नवं कवळं येतंय… वडील जाळायचे, आजा जाळायचा. म्हशींच्या वैरणीसाठी मी एक कोपरा पेटिवला. वारं फिरलं. कुणाला म्हाईत न्हाय."

माझा हात खाली गेला आणि नळीतलं पाणी माझ्या पायांवर सांडलं. मला राग आला, फार आला.

"मग मला कशाला सांगताय?"

"तुम्ही माझ्याकडं ज्या नजरेनं बघतायसा… ती चोरून घेतल्यागत वाटतीया."

"मला एकटीला सांगून भागणार नाही, कृष्णात."

तो टोक ठेवून खाली वाडीकडं उतरला, मागोमाग मीही.

तानाबाई फेटा घेऊन उभ्या होत्या. सगळ्या वाडीसमोर त्यानं हात जोडले. "ह्यो माझ्या डोक्यावर नको. आग मी लावली."

तानाबाईंनी फेट्याची घडी घातली आणि काखेत मारली. "डोंगर पुन्ना हिरवा झाला की बांधू," त्या म्हणाल्या. "तवर राब."

माणसं पांगली. जाताना एकानंही त्याच्याकडं पाहिलं नाही. तो एकटाच वर गेला आणि राहिलेल्या बांधापाशी नळीचं एक टोक धरून उभा राहिला. दुसरं टोक राखेत पडलं होतं. इतकं खरं बोलणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता.

मी वर गेले. माझ्या बाटलीतलं पाणी नळीत ओतलं आणि ते टोक उचललं.

"तुम्ही मला आधीपण आवडत होता," मी म्हणाले. "आज जास्त आवडलात."

तो माझ्याकडं बघतच राहिला.

"पाण्याकडं बघा," मी म्हणाले. "माझ्याकडं न्हाय."

त्यानं खाली पाहिलं. डोळे पुसले.

"लई हलतंय…"

"हलू दे की. मी थांबते."