मेंढवाड्यातली मखमली टोपी

स्कॉटलंडमधल्या हॉइक गावाच्या वरच्या रस्त्यावर, पावसाच्या भुरभुरीत एक मेंढा आडवा उभा होता आणि त्याच्यापुढे ड्रूची गाडी अडली होती. मागून चिखलाचे बूट आपटत त्याची मालकीण आइल्सा धावत आली.

"बघत काय बसलायस? धर त्याला!"

ड्रू उतरला, झेपावला... आणि तोंडघशी पडला. मेंढा नुसता बाजूला सरकला होता.

"रग्बी खेळतोस ना तू? पेपरात फोटो बघितलाय तुझा."

"मेंढ्याविरुद्ध पहिलीच मॅच..."

"दिसतंच आहे!"

त्यानंतर गावच्या क्लबाचा हा दांडगा गडी दर रविवारी तिच्या कुरणाचं कुंपण ठोकायला येऊ लागला. कुंपण कसलं, निमित्त ते! ती हसली की त्याचे रग्बीत चेमटलेले कान लाल व्हायचे, आणि म्हणून ती जरा जास्तच हसायची.

मार्चमध्ये त्याला स्कॉटलंडच्या संघाचं बोलावणं आलं. त्याच आठवड्यात फ्रान्सच्या एका क्लबाचंही आलं. तीन वर्षांचा करार होता, आणि उत्तर सोमवारपर्यंत हवं होतं.

"शनिवारी एडिंबराला येशील?"

"मेंढ्या व्यायला लागल्यात, ड्रू. तुझी मॅच बघून थांबतील होय त्या?"

"आणि... फ्रान्सला?"

"हा सगळा कळप घेऊन?" तिला हसायचं होतं, पण जमलं नाही. "जा तू. अशी संधी सोडेल तो वेडा."

सामना तिने मेंढवाड्यातल्या रेडिओवर ऐकला. ड्रू शेवटी शेवटी मैदानात उतरला, स्कॉटलंड हरलं. आता हा जाणार, हे तिने धरूनच ठेवलं. ती रडली, आणि दोष पेंढ्याच्या धुळीला दिला.

रविवारी पहिल्या बसने तो आला. अंगात कालच्या मेजवानीचा काळा सूट, डोळे तांबारलेले. नव्या खेळाडूने संघातल्या प्रत्येकाबरोबर प्याला रिचवायचा, ही रीतच आहे. हातात जरीची, गोंड्याची निळी मखमली टोपी होती. देशाकडून पहिला सामना खेळणाऱ्याला ती देतात; पुढे कितीही सामने खेळा, ती एकदाच मिळते.

"बरा आलास, हे धर!" आइल्साने एक ओलंचिंब, गारठलेलं कोकरू त्याच्या हातात कोंबलं. "थांब, पुसायला काहीतरी..."

त्याने टोपीनेच पुसायला घेतलं.

"अरे, ती टोपी!"

"तुलाच द्यायला आणली होती. आता धुऊन घ्यावी लागेल."

"आणि फ्रान्स?"

"नको म्हणून कळवलं." कान लाल झाले. "तू आवडतेस मला, आइल्सा. तिकडे टोपी दाखवू कुणाला?"

कोकरू थरथरलं, मग बारीकसं ओरडलं. आइल्साने चिखलाच्या हातांनीच ड्रूचा चेहरा धरला आणि त्याच्या ओठांवर ओठ टेकवले.

"वेडा तो वेडाच," ती म्हणाली. "नीट धर, मेंढ्यासारखं सोडशील."

"आता नाही सोडत."