माघीचा बांबू

मोबाइल ठेवा खाली सगळ्यांनी. त्या उजेडात मी सांगायचो नाही.

जिवा माझा साडू. खोटं रचायची अक्कल देवानं त्याला दिलेलीच नाही, म्हणून तर मी विश्वास ठेवला. गेल्या साली, पिठोरी अमावस्येची रात्र. त्याच्या बायकोला, रखमीला, दुपारपासून कळा येत होत्या आणि मूल आडवं आहे म्हणून सुईणीनं हात टेकले होते. पाड्यावर गाडी येत नाही. खिंड ओलांडली की मोखाड्याचा डांबरी रस्ता; तिथं ॲम्बुलन्स येऊन थांबणार होती. जिवानं गोधडीची झोळी बांबूला बांधली, धाकट्या भावाला, गोरखला, पुढं घातलं आणि निघाले. त्या वाटेनं आजारी माणसं अशीच नेतात, त्यात नवल काही नव्हतं.

अर्ध्या चढावर पावसानं गाठलं. रखमी आधी ओरडत होती, मग नुसती कण्हायला लागली. जिवा भराभर पाय उचलू लागला. पहिली दोन्ही बाळं गेलेली. आता हीही गेली तर घरी परतायचं कुणासाठी?

खिंडीच्या तोंडाशी बांबू कडकन मोडला.

वर नुसता कातळ. तोडायला एक झाड नाही. जिवा वेड्यासारखा चाचपडत हिंडला आणि त्याच्या हाताला एक बांबू लागला. टोकांना दोरीचे वळ असलेला.

गोरखची बोबडी वळली. "दादा, टाक तो. माघीचा हाय."

ज्या झोळीत माणूस वाटेतच जातं, तिचा बांबू आपल्याकडं घरी आणत नाहीत. तिथंच टाकतात. शिमग्यात पाड्यावरचीच माघी अशीच बाळंतपणात अडली होती. अशीच खिंडीपर्यंत आणली होती...

"मंग काय करू?" जिवा ओरडला. "हिचाही इथंच टाकू?"

गोरखनं बांबू धरला. झोळी बांधली.

उचलली... आणि जिवाचे गुडघे वाकले. ओझं दुप्पट झालं होतं.

उतार. काळोख. पाऊस.

मग झोळीतून रखमीचा आवाज. हळू.

"सरक ना बाय... मलाही दुखतंय."

जिवानं झोळीकडं पाहिलं नाही.

थोड्या वेळानं पुन्हा... "हां. धर माझा हात."

आणि कण्हणं. दोन आवाजांत.

जिवा रडत होता. "पोचवतो," तो म्हणाला. "दोघींना पोचवतो."

खाली गाडीचा दिवा दिसला. ड्रायव्हरनं मागचं दार उघडलं. झोळी दाराशी टेकवणार... तोच खांदा हलका झाला. इतका, की जिवा कोलमडला. त्याला वाटलं, गेली. माझी रखमी गेली. त्याच्यानं गोधडी उघडवेना.

गोरखनं उघडली.

रखमी टक्क बघत होती. एकटीच.

पहाटे ऑपरेशन करून मुलगी झाली. मायलेकी सुखरूप. तो बांबू जिवानं परत खिंडीत नेला नाही, रस्त्याकडेलाच ठेवला.

परवा रखमीनं मला चहा दिला, तेव्हा तिच्या बांगड्या मागं सरकल्या. मनगटावर पाच बोटं उमटलेली आहेत. काळीनिळी. कळ आली की बाई धरते ना हात, तशी.

वर्ष झालं. जात नाहीत.