अकरा चौकटी

छत्री तशीच उघडी घेऊन ती आत शिरली आणि समोरचा माणूस ओरडला, "दार! आधी दार लावा!"

तिने दार लावलं. मग छत्री मिटली. मग खोलीकडे बघितलं. बोळासारखी लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना छतापर्यंत पत्र्याचे गोल डबे, आणि मधोमध स्टुलावर एक माणूस चक्क एका डब्यात नाक खुपसून बसलेला.

"रागावू नका," तो डब्यातूनच म्हणाला. "बाहेरची ओल आत आली की मला वास नीट कळत नाही. कोण हवंय?"

"डबे विभागाचे प्रमुख. वयस्कर गृहस्थ आहेत. वर्षभर पत्रव्यवहार चाललाय आमचा."

त्याने मान वर केली. पस्तिशीचा असेल. नाकाच्या शेंड्यावर गंजाचा तांबूस ठिपका.

"वयस्कर कशावरून?"

"'आपल्या विनंतीस अनुसरून कळविण्यात येते की...' असं दुसरं कोण लिहितं?"

"आणि 'तसदीबद्दल क्षमस्व' असं कोण लिहितं?" तो उठून उभा राहिला. "मी तर निवृत्तीला टेकलेल्या बाई येणार असं धरून चाललो होतो. पाठीला उशी असलेली खुर्ची मागवून ठेवलीय तुमच्यासाठी!"

तो हसला. मग ती हसली... नेहमीप्रमाणे थोडी उशिरा. प्रत्येक गोष्टीत दुसऱ्याने सुरुवात करावी आणि आपण मागून जावं, हा तिचा जन्मजात स्वभाव. घरी तिला घुमी म्हणत, ते उगीच नव्हे.

घुमी आपल्या गावच्या दूरदर्शन केंद्रात जुन्या कार्यक्रमांची नोंद ठेवायची. नोंद ठेवायची म्हणजे बहुतेक वेळा काय काय उरलेलं नाही त्याची यादी करायची. पूर्वी टेप महाग होत्या, म्हणून एक कार्यक्रम दाखवून झाला की तो पुसून त्याच टेपवर दुसरा घेत. सुदैवाने एका तेरा भागांच्या मालिकेच्या प्रती, पुसण्याआधी, फिल्मवर उतरवून परदेशी गेल्या होत्या. तिथे आपल्या भाषेची बरीच माणसं राहत. एका केंद्राने दाखवायचं, डबे पुढच्या देशाला पाठवायचे, आणि शेवटच्याने ते परत करायचे, नाहीतर नष्ट करून तसा दाखला द्यायचा. बारा भाग गेल्या काही वर्षांत कुठून कुठून सापडले. तेराव्याचा माग मात्र या परदेशी केंद्राच्या इमारतीपाशी येऊन थांबत होता, आणि इथल्या फाइलीत दाखला होता: 'नष्ट केला.'

तरी ती आली होती, कारण वर्षभराच्या सरकारी भाषेनंतर शेवटच्या मेलमध्ये त्याने एकच साधं वाक्य लिहिलं होतं: "दाखला आहे, पण मला तो पटत नाही, तुम्ही याच." ऑफिसने आठ दिवस दिले होते.

काम सोपं होतं आणि कंटाळवाणं होतं. फिल्म खराब व्हायला लागली की तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटतो. डबा उघडायचा, हुंगायचा, आतलं आणि झाकणावरचं नाव जुळतंय का बघायचं, नोंद करायची. इमारतीतले सगळे त्याला 'नाक' म्हणूनच हाक मारत. आपल्या भाषेचे डबे त्याच्याकडे आले, कारण ती भाषा कळणारा तिथे तो एकटाच. आईने लहानपणी दटावून दटावून शिकवली होती म्हणे.

"काय म्हणतंय आज नाक?" दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, आणि आपण असं विचारलं याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

"डब्यात फार नाही, थोडंसं आंबट. डब्याबाहेर..." तो थबकला. "डब्याबाहेर मोगऱ्याचा साबण."

ती मुकाट्याने दोन शेल्फं पलीकडे जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने हॉटेलातला बिनवासाचा साबण वापरला. तो दिवसभर डबे हुंगत राहिला. संध्याकाळी झाकणं लावताना मात्र म्हणाला, "आज काम भरभर झालं खरं. पण मजा नाही आली."

चौथ्या दिवशी मोगरा परत आला. दोघांनीही त्याचा विषय काढला नाही.

"एक विचारू?" त्याने चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. "बारा भाग मिळालेत. तेराव्यासाठी एवढा जीव टाकताय, तो फक्त ऑफिससाठी नाही ना?"

घुमीने कप हातात धरला, खाली ठेवला, परत धरला.

"त्यात माझी आई आहे. नायिका. आणि बाबा काठीवाले."

"म्हणजे?"

"माइक लांब काठीच्या टोकाला असतो ना, उंच स्टुलावरून नटांच्या डोक्यावर धरलेला... तो दिसता कामा नये. शेवटच्या भागात तो दिसला. आईचं सगळ्यात मोठं वाक्य चाललेलं, आणि वरून माइक खाली! परत घ्यायला वेळ नव्हता, तसंच दाखवलं. दिग्दर्शक सगळ्यांदेखत बाबांना वाट्टेल ते बोलला. नोकरी जाता जाता राहिली. आणि तीन महिन्यांनी आईबाबांचं लग्न झालं."

"चुकीचं बक्षीस चांगलं मिळालं की!"

"आई आयुष्यभर म्हणत आली, 'तुम्ही माझ्याकडे बघत बसलात, म्हणून हात ढळला.' आणि बाबा म्हणायचे, 'काठी जड होती.' रोज जेवताना हे भांडण. मी वाढले ती याच्यावरच." तिने चहाचा घोट घेतला. "बाबा गेल्या वर्षी गेले. आई आता एकटीच जेवते. मला म्हणाली, एकदा ते दृश्य बघायला मिळू दे, कोण खरं ते कळू दे. तिची तब्येत... म्हणजे, फार वर्षं थांबता येईल असं नाही."

नाकाने पुढचा डबा ओढला. त्या दिवशी त्याने जेवणाची सुट्टी घेतली नाही.

पाचवा दिवसही कोरडा गेला. मालिकेच्या नावाचे डबे संपले, तिच्या नावाशी मिळतीजुळती नावंही संपली. सहाव्या दिवशी सकाळी घुमीने हात टेकले आणि पाठीला उशी असलेल्या त्या खुर्चीत जाऊन बसली. बसल्या बसल्या तिला आपलंच ऑफिस आठवलं. तिथे डबा चुकला की यादीत काही कळत नाही. कळतं ते कुणीतरी वैतागून शेरा लिहितं तेव्हा.

"इथे तक्रारी कुठे लिहितात?"

"कसल्या?"

"मागवलं एक आणि मिळालं भलतंच, अशा."

त्याने तिच्याकडे असं बघितलं की तिला मान वळवावी लागली. मग तो धावत वर गेला आणि दोन्ही हातांत मावणार नाहीत इतक्या शेरेवह्या घेऊन आला. दुपारी दोनच्या सुमाराला, क्रीडा विभागाच्या वहीत, कुणा चिडक्या माणसाच्या अक्षरात ते सापडलं. त्याने तिला तिथल्या तिथे आपल्या भाषेत अर्थ लावून सांगितला:

'पोहण्याच्या शर्यतीचा डबा मागवला. तपासला. पाणी नाही. पोहणारे नाहीत. एक बाई दारात उभी राहून रडते. परत करत आहे.'

दोघं किती वेळ हसत होते कोण जाणे. हसता हसता घुमीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते हसण्याचंच आहे असं तिला ठामपणे सांगता आलं नसतं. प्रकार उघड होता. त्या काळी कुणीतरी भाग दाखवून झाल्यावर रीळ हाताला लागलेल्या डब्यात टाकलं, आणि शर्यतीचं रीळ तेराव्या भागाच्या डब्यात गेलं. नष्ट झाले ते बिचारे पोहणारे.

डबा तळाच्या शेल्फात, गंजून घट्ट बसलेला होता. त्याने झाकण सोडवलं, वाकला, डोळे मिटले.

"सांगा ना!"

"आंबतोय... पण आहे. वाचेल."

फिल्म कडांनी आकसली होती, यंत्रावर चालवली तर फाटली असती. त्याने ती उजेडाच्या टेबलावर घेतली, छोट्या भिंगाच्या पडद्याखालून सरकवली आणि हाताने दांडा फिरवायला लागला. आवाज येणार नव्हता. म्हणून घुमीने आईला फोन लावला आणि आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवला.

दारात एक तरुण मुलगी. पाठमोरा, निघालेला पुरुष. घुमीने आईला इतकी तरुण कधी पाहिलीच नव्हती.

"दारात आलीस, आई. ओठ हलतायत."

फोनमधून म्हातारा, जरा घोगरा आवाज आला, चाळीस वर्षांनंतरही एक शब्द इकडचा तिकडे नाही, "'जा म्हणतेय मी... पण माझं ऐकू नकोस.'"

पडद्यावरच्या मुलीची नजर नायकाच्या डोक्यावरून वर गेली. आणि वरच्या कडेतून माइक हळूच खाली आला.

"थांबा," घुमी म्हणाली. "मागे घ्या."

त्याने दांडा उलटा फिरवला. मग एकेक चित्र, एकेक चौकट पुढे. बोटाने मोजत. सेकंदाला चोवीस चौकटी जातात, एवढं तिला ठाऊक होतं. त्याने दोनदा मोजलं आणि वहीच्या कोपऱ्यात आकडा लिहून तिच्याकडे सरकवला. ११.

तिने फोन जवळ ओढला. बोलणं भाग होतं.

"आई... आधी तू वर बघितलंस. माइक नंतर खाली आला."



"कितीने नंतर?"

"अकरा चौकटी. अर्धा सेकंदही नाही."

"माझी नजर होती गं, मला माहीत नसेल?" आई म्हणाली. "वाक्य त्या नायकाला म्हणायचं होतं. पण मला म्हणायचं होतं ते तुझ्या बाबांना."

"मग चाळीस वर्षं त्यांना बोल का लावलास?"

"मी तसं म्हटलं की ते कानापर्यंत लाल व्हायचे. ते बघायला. सगळ्यांदेखत शिव्या खाल्ल्या त्यांनी, पण 'तिने बघितलं' असं एकदाही म्हणाले नाहीत. मलासुद्धा नाही. मला वाटायचं, आता म्हणतील, आता म्हणतील... शेवटच्या दिवशी दवाखान्यातही काठीच जड!" आई हसली, आणि मग तिचा आवाज ओला झाला. "जड असती तर केव्हाही खाली आली असती ना? माझ्या नजरेमागोमाग आली ना?"

"हो, आई. लगेच."

"बस्स. मला तेवढंच हवं होतं."

नाक दुसरीकडे बघत होतं. भिंतीवर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"आणि मोजणारे कोण गं ते?" आईने नाक ओढत विचारलं.

"डबे विभागाचे... प्रमुख."

"अस्सं." आई थोडी थांबली. "घुमे, आपल्या घरात एक घुमा होऊन गेला. पुरे झालं."

घुमीने घाईघाईने फोन बंद केला. पण फोनचा आवाज मोठा होता आणि खोली अरुंद.

आठव्या दिवशी सकाळी पाऊस नव्हता, नुसतं मळभ होतं. तिची बॅग दाराशी होती. तो टेबलाशी उभा राहून डब्याच्या झाकणावर नवी चिठ्ठी चिकटवत होता. पोहण्याच्या जागी मालिकेचं नाव, भाग तेरावा.

"दुरुस्तीला सहा आठवडे लागतील," तो चिठ्ठीकडे बघत म्हणाला. "मग नवी प्रत पोस्टाने पाठवता येईल. आपल्या विनंतीस अनुसरून."

"बरं."

"तसदी... काही नाही."

ती दारापर्यंत गेली. दार उघडलं. बाहेरची ओल आत शिरली, आणि तो काही ओरडला नाही. तिला वाटलं, आता तो म्हणेल. काहीतरी म्हणेल. ती वाट बघत राहिली... आणि मग तिला जेवणाच्या टेबलाशी चाळीस वर्षं वाट बघणारी आई दिसली.

ती वळली. मान खाली न घालता सरळ त्याच्याकडे बघत राहिली.

"सहा आठवड्यांनी मी परत येणार आहे," ती म्हणाली. "डबा पोस्टाने आला तरी. तुमच्यासाठी."

त्याने वर बघितलं. हातातलं झाकण सुटलं, फरशीवर आदळलं आणि खणखणत त्या बोळभर गडगडत गेलं.

ते थांबेपर्यंत दोघंही थांबले.

"जड होतं का?" घुमीने विचारलं.

त्याचे कान लालबुंद झाले होते.

"नाही," तो म्हणाला. "अजिबात जड नव्हतं. तुम्ही बघितलंत, म्हणून सुटलं."