विज्ञानकथांचं कपाट

तिने पुस्तकावर लाल चिठ्ठी चिकटवली आणि तेवढ्यात खालून कुणीतरी ते पुस्तकच ओढलं.

“अहो, काय करताय? हे मी वाचतोय!”

शिडीवरून तिचा तोल जाता जाता राहिला. खाली बघते तर काय — लिफ्टवाला! समोरच्या इमारतीतल्या लिफ्ट दुरुस्त करणारा हा गृहस्थ रोज दुपारच्या सुट्टीत वाचनालयात यायचा, कोपऱ्यात बसायचा आणि तासाभराने निघून जायचा. तीन वर्षांत तिच्याशी एक शब्द बोलला असेल तर शपथ! आणि आज बोलला तो असा, थेट अंगावर येऊन.

“लाल चिठ्ठी म्हणजे रद्दी,” ती म्हणाली. “तीन वर्षांत एकदाही कुणी घरी नेलं नाही, की पुस्तक रद्दीत. नियम आहे. विज्ञानकथांचं अख्खं कपाट चाललंय. दोन वाजता टेम्पो येतोय.”

त्याचा चेहरा असा काही पडला, की तिला उगाचच अपराधी वाटलं.

“आणि खरं सांगू? माणसं चंद्रावर जाऊन परतसुद्धा आली. आता चंद्रावर जायच्या जुन्या गोष्टी कोण वाचणार?”

झालं! तीन वर्षं मुका असलेला माणूस जो सुटला...

“चंद्र ही तर नुसती सुरुवात हो! नवी यंत्रं आली तेव्हा सगळंच जमेल असं वाटायचं, म्हणून लोक गोष्टीत चंद्रावर गेले, समुद्राच्या तळाशी गेले. मग त्याच यंत्रांची धास्ती वाटायला लागली. अणुबाँब पडला, तशा जग संपल्याच्या गोष्टी आल्या. पुढे संगणकांच्या आल्या, आता समुद्र शहरात शिरल्याच्या येतायत. गोष्टींचे कपडे बदलतात, आतले प्रश्न तेच दोन.”

“कोणते?” नको नको म्हणताना तिने विचारलंच.

“आपण बनवलेलं आपल्याच डोक्यावर बसलं तर? हा एक.” तो थांबला. कानाची पाळी ओढत म्हणाला, “आणि दुसरा... समोर कुणीतरी आहे, दिसतंय — पण त्याच्याशी बोलायचं कसं? परग्रहावरच्या सगळ्या गोष्टी यावरच. मी तर या दुसऱ्या प्रश्नावर तीन वर्षं अडकलोय.”

ती एक पायरी खाली उतरली.

“एवढा जीव आहे, तर एकदा तरी घरी न्यायचं पुस्तक! तुम्ही इथे बसून वाचता आणि वहीत नोंद शून्य. तुमच्यामुळेच कपाट चाललंय, कळतंय का?”

“घरी नेलं की पंधरा दिवसांनी यायचं.” तो स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाला. “इथे वाचलं की... रोज.”

“रोज काय?”

“रोज तुम्ही दिसता.”

अगं बाई! तिच्या हातातल्या चिठ्ठ्या खाली विखुरल्या. दुपारी एक वाजला की आपण डबा अर्धवट टाकून काउंटरवर का येऊन बसतो, हे तिने आजवर स्वतःलाही विचारलं नव्हतं. कपाट गेलं तर हा उद्यापासून कशाला येईल?

ती तडक ग्रंथपाल साहेबांच्या टेबलाशी गेली आणि कपाट वाचवायचा काही मार्ग आहे का, विचारलं. तोही मागोमाग.

“दोनच्या आत दहा पुस्तकं घरी गेली, तर कपाट राहील,” साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले.

“माझ्या कार्डावर दोन मिळतात,” तो म्हणाला.

“माझ्या कार्डावर दोन,” ती म्हणाली. “चारच झाली.”

“दहा फक्त कुटुंबाच्या कार्डावर,” साहेब म्हणाले.

दोन वाजायला पंधरा मिनिटं उरली होती. पलीकडे एक आजोबा तोंडावर पेपर घेऊन घोरत होते. त्यांचंही कार्ड होतं, पण त्यांना उठवावं असं दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

“त्या कार्डाचा फॉर्म मिळेल?” लिफ्टवाल्याने विचारलं. तो मिळताच सही केली आणि फॉर्म हळूच तिच्याकडे सरकवला. “जबरदस्ती नाही हं. आणि... हे मी कपाटासाठी नाही म्हणत.”

“मग कशासाठी?”

“माझ्यासाठी.”

तिने सही केली.

“नात्याचा रकाना रिकामा चालत नाही,” साहेब म्हणाले.

तिने पेन पुन्हा उचललं आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं — होणारा नवरा. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि धाडकन शिक्का मारला.

“खरंच?” लिफ्टवाल्याने फॉर्मवर वाकून बघत विचारलं.

“मग? कपाटासाठी खोटं लिहीन की काय मी?” ती म्हणाली आणि खळखळून हसली. “चला, उचला आता दहा पुस्तकं!”