काळ्या मेंदीचं वाडगं

सुदानमधल्या ओम्दुरमान शहरात आमच्या वस्तीत लग्नाच्या मेंदीला बतूलच लागायची. बतूल माझी थोरली बहीण. अंगणात कडुलिंबाखाली दोरीची खाट, खाटेवर नवरी आणि तिच्या पायाशी कोन घेऊन बसलेली बतूल, हे मी कायम पाहत आले. मी परिचारिका. कान-नाक-घशाच्या वॉर्डात माझं अर्धं आयुष्य गेलं.

हल्लीच्या नवरीला लाल मेंदी नको असते. काळी हवी, शाईसारखी, आणि लगेच चढणारी. त्यासाठी बतूल मेंदीत ‘दगड’ कालवायची. दगड म्हणजे केस काळे करायचं रसायन, बाजारात खड्यांच्या रूपात मिळतं. कुटल्यावर राखाडी दिसतं, पाण्यात पडलं की काळंभोर. तो दगड पोटात गेल्याने घसा सुजून श्वास कोंडलेल्या बाया मी वॉर्डात पाहिल्या होत्या. सगळ्याच घरी परत गेल्या नाहीत.

“बतूल, विष आहे ते.”

“अगं, मी नवरीला खायला थोडीच घालते! तुला जिथे तिथे पेशंटच दिसतात, अलविया.”

त्या हिवाळ्यात तिने कुठून तरी नवा दगड आणला. पहिल्यांदा ते घडलं तेव्हा मी तिच्या ओसरीवर कॉफी पीत होते. डोक्यावरचा पंखा नेहमीसारखा कुरकुरत होता. बतूलने वाडग्यातल्या पुडीवर पाणी ओतलं आणि कुरकुर थांबली. मी वर पाहिलं. पंखा फिरत होता. तिने वाडग्यावर झाकण ठेवलं तशी कुरकुर पुन्हा सुरू झाली. पंखा जुना आहे, होतं असं, म्हणून मी कॉफी संपवली.

पुढच्या खेपेला रेडिओ गप्प झाला. दिवा लागलेला, पण आवाज नाही. “चालू तर आहे,” बतूल म्हणाली. तिचं बोलणंही मला लांबून आल्यासारखं ऐकू आलं. मी दुसऱ्याच दिवशी आमच्या डॉक्टरांकडून कान तपासून घेतले. ते म्हणाले, “सिस्टर, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत.”

मग शेजारची सादिया. ती पाय पसरून मेंदी काढून घेत होती आणि सासूच्या नकला करत होती. बतूलने वाडगं जवळ ओढलं. सादियाचं तोंड उघडं होतं, दात दिसत होते, खांदे हसण्याने हलत होते. आवाज मात्र नव्हता. बतूल वाडगं घेऊन आत गेली, तेव्हा त्या हसण्याचं शेपूट तेवढं माझ्या कानावर पडलं. सादिया गळा चोळत म्हणाली, “बाई गं, काय खवखवतंय!”

मी बतूलला गाठलं. “तुला खरंच काही जाणवत नाही?”

“म्हातारी झालीस तू, दुसरं काय!” ती म्हणाली. पण माझ्याकडे न बघता.

तिच्या लेकीच्या, तसाबीहच्या, मेंदीचा दिवस आला. अंगणात धुपाचा धूर, बायांची दाटी, मधोमध ढोल वाजतोय. तसाबीह भाबडी, हसरी पोर. गेल्या वर्षी याच रसायनाने केस रंगवले तेव्हा तिच्या डोक्याला खाज सुटली होती. मी बतूलला त्याची आठवण करून दिली.

“माझ्या लेकीची मेंदी फिकी राहू दे म्हणतेस? सगळ्या ओम्दुरमानला काळी मेंदी मी लावायची आणि घरच्या नवरीला लाल? लोक काय म्हणतील?”

ती वाडगं घेऊन आली.

ढोल थांबला.

ढोलवालीचे हात पडतच होते. बाया गात होत्या. ओठ हलत होते, बांगड्या हलत होत्या. तसाबीह माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाली. तिच्या ओठांवरून मला कळलं, ‘मावशी’.

त्या मुक्या अंगणात मला एकच आवाज येत होता.

श्वासाचा. बारीक शीळ घालत आत ओढलेला श्वास. घसा मिटत आला की माणूस तसाच श्वास घेतं. तो मी झोपेतही ओळखेन.

तो खाटेच्या बाजूने येत होता. तसाबीह तर हसत होती. मेंदी अजून तिला लागलीही नव्हती.

मी उठले आणि वाडग्याला लाथ मारली.

ढोल धाडकन कानावर आदळला. वाडगं उलटलं, काळा ओघळ मातीत पसरला, थोडे शिंतोडे तसाबीहच्या पावलावर उडाले. मी तांब्याभर पाणी ओतून ते धुतले. बतूल किंचाळत होती, “पोरीच्या लग्नात अवदसा आठवली का तुला?”

ऊन कलायच्या आत तसाबीहचं पाऊल नडगीपर्यंत सुजलं. मग ओठ, मग गळा. आणि मग दुपारी ऐकलेला तोच श्वास तिच्या छातीतून येऊ लागला. बतूलने ऐकला आणि लेकीला उचलायला धावली.

आम्ही तिला गाडीत घालून माझ्याच वॉर्डात नेलं. इंजेक्शनं दिली, ऑक्सिजन लावला. गळ्याला छेद द्यायची तयारी झाली होती. तितक्यात सूज उतरू लागली. डॉक्टर म्हणाले, “नुसत्या शिंतोड्यांनी हे? पूर्ण मेंदी लागली असती तर पोर इथवर पोचली नसती.”

सकाळी तसाबीह घोगऱ्या आवाजात म्हणाली, “आई, भूक लागली.” बतूल माझ्या गळ्यात पडून रडली, आणि रडता रडताच हसायला लागली. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

लग्न आठवड्याने झालं, साध्या लाल मेंदीत. उरलेला दगड बतूलने खोल खड्ड्यात पुरला आणि पुन्हा कधी काळी मेंदी लावली नाही. कोणी मागितलीच तर म्हणते, “माझ्या बहिणीला विचारा, ती लाथ मारते.”

परवा आम्ही दोघी अंगणात बसलो होतो. तसाबीहला दिवस गेल्याची बातमी आली होती. बतूल गोड खाऊ घालत होती. वाडगं जिथे उलटलं तिथली माती अजून काळपट आहे. शेजारची कोंबडी पिलं घेऊन आली, चिवचिव करत ती सगळी त्या डागावर चढली.

चिवचिव थांबली. चोची उघडमीट करत होत्या.

पलीकडे उतरल्यावर ती पुन्हा सुरू झाली.

बतूलने उठून आपली खाट थोडी लांब ओढली, आणि मग माझीही.